लूना मोपेड आणि तापलेल्या एंजिनाचे निदान

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील कायनेटिक एंजिनिअरिंग कंपनीने १९७२ मध्ये लूना ही मोपेड बाजारात आणली. इटलीतील प्याज्जो कंपनीच्या ‘चाओ’ या वाहनावर ती आधारलेली होती. तिचे हवेने थंड होणारे, सुमारे ५० घ. सेंमी. धारणेचे द्विधाव एंजिन साध्या बांधणीचे होते. त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांनाही स्वतःचे वाहन घेता आले.

अशा एंजिनांतील एक दोष चकविणारा असे. थंड असता सुरळीत चालणारे एंजिन तापताच अडखळे व निवल्यावर पुन्हा सुरू होई. दुरुस्तीच्या दुकानात पोहोचेपर्यंत दोष नाहीसा होत असल्याने एंजिन गरम असतानाच तपासणी करणे आवश्यक ठरे. प्रथम स्पार्क प्लगची ठिणगी पाहत. ती क्षीण असल्यास प्रज्वलन वेटोळे किंवा कंडेन्सर उष्णतेने दुबळा झाल्याचा संशय येई. ठिणगी चांगली असल्यास टाकीचे झाकण सैल करीत. त्याने एंजिन सुधारल्यास झाकणातील वायुछिद्र बुजल्यामुळे पेट्रोल उतरत नाही, हे कळे; म्हणजे दोष उष्णतेचा नसे. पेट्रोलमध्ये वंगण तेल अधिक पडल्यास निष्कास मार्गात काजळी साचून शक्ती घटे; कमी पडल्यास दट्ट्या प्रसरण पावून सिलिंडरात अडके. हा क्रम सोडून अंदाजाने सुटे भाग बदलल्यास मालकास नाहक भुर्दंड पडे.

२०२४ मध्ये आलेल्या विजेवरील ई-लूनात ज्वलनच नसल्याने ही पद्धती तिला लागू नाही. जुन्या द्विधाव वाहनांस मात्र ती आजही उपयोगी पडते.