स्वयंचलित आणि हस्तचलित गिअरबॉक्स

हस्तचलित गिअरबॉक्स ही चालकाने पायाने क्लच दाबून आणि हाताने दांडा हलवून गिअर बदलण्याची यंत्रणा होय. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये हेच काम तेलाचा दाब, विजेवर चालणारे भाग आणि संगणकीय नियंत्रक करतात. वेगवान मोटारींमध्ये, विशेषतः ड्रॅग शर्यतीत, यांपैकी कोणता प्रकार सरस, हा जुना वाद आहे. ड्रॅग शर्यतीत उभ्या मोटारीने ठरावीक सरळ अंतर कमीत कमी वेळात कापायचे असते. रस्त्यावरच्या सर्वसाधारण मोटारींत हस्तचलित गिअरबॉक्सच अधिक चपळ, असे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मानले जाई आणि त्यात बरेच तथ्यही होते. आज ते विधान सरसकट करता येत नाही.

रांजणगावातील मोटारी

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील रांजणगाव हे गाव अष्टविनायकांपैकी महागणपतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतील फियाट इंडिया ऑटोमोबाइल्सचा कारखाना आहे. गिअरबॉक्सचे चार प्रमुख प्रकार या एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारींत आढळतात.

२०१५ साली आलेली अबार्थ पुंटो ही येथील सर्वांत गाजलेली वेगवान मोटार. १.४ लिटरचे टी-जेट टर्बो इंजिन, सुमारे १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा पीळ) आणि पाच गिअरांचा हस्तचलित गिअरबॉक्स अशी तिची रचना होती. शून्यापासून ताशी १०० किमी वेग ती ८.८ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा होता. दहा लाखांच्या आतबाहेर किंमत असलेल्या मोटारीसाठी हा आकडा त्या काळी लक्षणीय होता. त्याच वर्षी भारतात आयात झालेल्या अबार्थ ५९५ कॉम्पेटिझिओने या मोटारीला मात्र पाच गिअरांचा एएमटी प्रकारचा गिअरबॉक्स होता.

एएमटीमध्ये गिअरबॉक्स मूळचा हस्तचलितच असतो. क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्राकडे दिलेले असते. टाटा नेक्सॉनला २०१८ मध्ये हाच पर्याय मिळाला. तो स्वस्त आणि शहरी गर्दीत सोयीचा आहे. पण गिअर बदलताना इंजिनाचा जोर चाकांपासून क्षणभर तुटतो आणि मोटार अडखळल्यासारखी वाटते. त्यामुळे सरावलेला चालक हस्तचलित मोटारीत एएमटीला सहज मागे टाकू शकतो. ‘स्वयंचलित म्हणजे वेगवान’ हे समीकरण येथेच कोलमडते.

२०१७ च्या जीप कंपासमध्ये पेट्रोल इंजिनासोबत सात गिअरांचा दुहेरी क्लचचा, तर डिझेल इंजिनासोबत सहा गिअरांचा हस्तचलित गिअरबॉक्स मिळे. २०१९ च्या ट्रेलहॉक आवृत्तीत डिझेल इंजिनाला नऊ गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर प्रकार जोडण्यात आला.

उभ्या स्थितीतून झेप

ड्रॅग शर्यतीचा निकाल बहुधा पहिल्या काही मीटरांतच ठरतो. हस्तचलित मोटारीत इंजिनाचे फेरे वाढवून क्लच नेमक्या गतीने सोडावा लागतो. तो झटकन सोडला तर चाके जागीच घसरतात किंवा इंजिन दबते. फार हळू सोडला तर क्लच जळतो. अबार्थ पुंटोसारख्या, पुढची चाके ओढणाऱ्या टर्बो मोटारीत ही कसरत अधिकच अवघड असते, कारण वेग घेताना वजन मागे सरकते आणि पुढच्या चाकांची पकड नेमकी तेव्हाच सैल होते.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा सांधा तेलाचा असतो. एक पंखा तेल ढकलतो, दुसरा त्या प्रवाहाने फिरतो आणि मधला स्थिर पंखा परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतो. सुटण्याच्या क्षणी यामुळे टॉर्क जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. ब्रेक दाबून धरून इंजिनाचे फेरे आधीच वाढवता येत असल्याने टर्बोही तयार राहतो. याची किंमत म्हणजे वजन आणि तेल घुसळण्यात वाया जाणारी शक्ती.

दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये सम आणि विषम गिअरांना स्वतंत्र क्लच असतात. पुढचा गिअर आधीच लागलेला असतो. एक क्लच सुटत असताना दुसरा पकडतो आणि जोर जवळजवळ अखंड राहतो. मात्र क्लच कोरडे असतील तर लागोपाठच्या झेपांनी ते तापतात. शर्यतीसाठी अशी मोटार निवडताना ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते.

ड्रॅग शर्यतींतील वापर

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. या शर्यतींचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असते. अमेरिकेत, जेथे हा खेळ वाढला, शेवरलेने १९५० मध्ये आणलेला दोनच गिअरांचा पॉवरग्लाइड हा स्वयंचलित गिअरबॉक्स आजही ड्रॅग मोटारींत बसवला जातो. गिअर जितके कमी, तितकी बदलण्यात होणारी चूकही कमी. आपला वेळ आधी जाहीर करून त्याच्या जवळ जाण्याच्या स्पर्धाप्रकारात तर वेगापेक्षा सातत्य मोलाचे असल्याने स्वयंचलित गिअरबॉक्सला विशेष पसंती मिळते. सर्वांत वेगवान टॉप फ्युएल मोटारी धावताना गिअर बदलतच नाहीत. त्यांचा अनेक चकत्यांचा क्लच टप्प्याटप्प्याने पकड घट्ट करत जातो.

हस्तचलित प्रकाराचे स्थान

पोर्शने २०१३ ची ९११ जीटी३ केवळ दुहेरी क्लचसह आणली. नाराज ग्राहकांच्या मागणीमुळे पुढे हस्तचलित पर्याय परतला. २०२१ च्या जीटी३ मध्ये ताशी १०० किमी वेग गाठण्यास दुहेरी क्लचच्या मोटारीला ३.४, तर हस्तचलित मोटारीला ३.९ सेकंद लागतात. हस्तचलित मोटार वजनाला थोडी हलकी असूनही हे अंतर राहते. तरीही ती घेणारे आहेत, कारण त्यांना गिअर स्वतः बदलायचा असतो. सरळ रेषेतील शर्यतीत या आवडीला गुण मिळत नाहीत. घाटरस्त्यावर किंवा वळणांच्या धावमार्गावर तिचे मोल चालकागणिक बदलते. हस्तचलित गिअरबॉक्सची दुरुस्ती सोपी असते आणि झिजलेला क्लच बदलणे तुलनेने स्वस्त पडते, हाही हौशी शर्यतपटूंच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा आहे.

विजेवरच्या मोटारींना हा वाद लागू होत नाही. नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीत एकच स्थिर गिअर असून क्लच नाही.