पाच वर्षांच्या आत

अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे कानाच्या आत बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, वयाची अट आहे. मूल जन्मापासून ऐकत नसेल, तर ते पाच वर्षांच्या आतलं हवं. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, इटियाडोह धरणाच्या आसपासच्या गावांत असं मूल ज्या घरात असेल, त्या घराचं पुढचं सगळं या आकड्यावर ठरतं. शस्त्रक्रिया आणि यंत्र यांचा लाखांतला खर्च धानाच्या शेतीतून निघत नाही, त्यामुळे योजनेची अट हीच त्यांच्यासाठी शेवटची वेळ. पण ही पाच वर्षं आली कुठून? विज्ञानातून तरी ती आलेली दिसत नाहीत. विज्ञानातला आकडा वेगळा आहे, आणि गेल्या साठेक वर्षांत तो सतत खाली सरकत आला आहे.

सुरुवात मोठ्या माणसांपासून झाली. 1957 साली पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी दोन्ही कानांनी बहिऱ्या झालेल्या एका प्रौढ माणसाच्या कानाच्या नसेपाशी तार बसवून तिच्यात वीज सोडली. त्याला लय कळू लागली, काही मोजके शब्दही ओळखता आले, मग यंत्र बंद पडलं. 1961 मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाऊस यांनी पुन्हा तोच प्रयत्न केला, तोही प्रौढांवर. यामागे कारण होतं. पूर्वी ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात शब्द आधीच साठलेले असतात. यंत्राने दिलेला तुटक, खरखरीत आवाज तो त्या साठ्याशी जुळवून घेतो. ज्याने कधी काहीच ऐकलं नाही, त्या मुलाला या आवाजाचा काय उपयोग, असं तेव्हाच्या बहुतेक तज्ज्ञांना वाटत होतं. एवढ्याशा कानात कायमची तार घालणं अनेकांना अनैतिकही वाटे. 1978 मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी अनेक वाहिन्यांचं यंत्र बसवलं, तेही प्रौढालाच. 1985 मध्ये त्या यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली, तीसुद्धा फक्त मोठ्यांसाठी.

मुलांसाठी मान्यता आली 1990 मध्ये, आणि खालची मर्यादा ठरली दोन वर्षं. पुढे ती 1998 मध्ये दीड वर्षावर, 2000 मध्ये एक वर्षावर, आणि 2020 मध्ये एका कंपनीच्या यंत्रापुरती नऊ महिन्यांवर आली. हे आकडे शस्त्रक्रिया सोपी झाली म्हणून खाली आले, असा समज सहज होतो. शस्त्रक्रिया सुधारली हे खरंच. पण कानाच्या आतला शंख, म्हणजे कॉक्लिआ, जन्मतःच पूर्ण आकाराचा असतो, त्यामुळे मूल वाढलं तरी तिथली तार अपुरी पडत नाही. अडचण दुसरीकडे होती. बाळ ऐकत नाही हे खात्रीने सांगायचं कसं? पूर्वी मागून खुळखुळा वाजवायचा आणि मान वळते का पाहायचं, एवढंच हातात होतं. दोन वर्षांच्या आत त्यावर भरवसा ठेवून कवटीच्या हाडाला हात घालायला कुणी धजत नसे.

ते धाडस दिलं दोन तपासण्यांनी. 1970 च्या सुमाराला झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे मोजता येऊ लागलं. आपल्याकडे पालक जिला ‘बेरा’ म्हणतात, ती हीच. 1978 मध्ये लंडनला डेव्हिड केम्प यांनी दाखवलं, की निरोगी कान आवाज ऐकल्यावर स्वतःही बारीकसा आवाज परत पाठवतो. त्यावर बेतलेली ‘ओएई’ तपासणी तान्ह्या बाळाची काही मिनिटांत होते. बाळाला काही सांगायला लागत नाही, काही करायला लागत नाही.

आणि मग मेंदूचा प्रश्न पुढे आला. 1998 मध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या अभ्यासातून दिसलं, की सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे राहते. 2002 मध्ये अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूत आवाज पोचायला किती वेळ लागतो ते मोजलं. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्यांचा मेंदू काही महिन्यांत ऐकणाऱ्या मुलांच्या जवळ येत होता. सातनंतर झालेल्या बहुतेकांचा येत नव्हता. आवाज आला नाही तर मेंदूतली ऐकण्याची जागा रिकामी बसून राहत नाही, तिथे दुसरी कामं शिरतात. म्हणून इथे ‘अजून लहान आहे, मोठा झाला की करू’ हा विचार उलटा ठरतो. एरवी मुलाच्या बाबतीत थांबणं शहाणपणाचं असतं. इथे थांबण्यात भाषाच जाते.

घाईला विरोधही झाला, आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. 1991 मध्ये अमेरिकेतल्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने मुलांवरच्या इम्प्लांटविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. 2000 मध्ये ती बरीच मवाळ केली. त्यामागची आठवण जुनी होती. 1880 च्या मिलान परिषदेत बधिरांच्या शिक्षकांनी ठराव केला, की शाळांत बोलीच शिकवावी, खुणांना थारा देऊ नये. त्याची झळ जगभर पोचली. मुंबईत 1885 च्या सुमाराला भारतातली बधिरांची पहिली शाळा उभी राहिली, तीही याच वातावरणात. खुणा केल्या म्हणून पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांचे हात अडवले गेले. त्यामुळे डॉक्टर ‘मूल बरं करतो’ म्हणाले, तेव्हा मोठ्या झालेल्या बधिरांना ते पुन्हा तेच वाटलं. त्यांचा राग खरा होता. तरी दहा वर्षं थांबून मुलालाच विचारू, हे म्हणणं मला पटत नाही, कारण दहाव्या वर्षी विचारायचं तर दाराची एक फळी बंद झालेली असते. त्यांच्या म्हणण्यातला जो भाग मला पूर्ण पटतो, तो असा, की इम्प्लांट होईपर्यंत आणि झाल्यावरही मूल भाषेविना राहू नये. भाषा हातांची का असेना.

आता आपल्या पाचाकडे येऊ. 2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरला झाली. त्यात तपासायच्या व्याधींच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. 2014 मध्ये सुधारित एडिप योजना आली. वर्षाला 500 मुलं, प्रत्येकी सहा लाखांपर्यंतचा खर्च, आणि जन्मजात बहिऱ्या मुलांसाठी पाच वर्षांची वरची मर्यादा. नंतर ऐकू येणं गेलेल्यांना अठरापर्यंत सवलत. देखरेख मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे. त्याआधी हे यंत्र बहुतेक ठिकाणी पैसेवाल्यांच्या किंवा देणगीदार मिळालेल्यांच्याच मुलांचं होतं, म्हणून या योजनेबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्या पाचाचं गावात काय होतं, हे पाहायला हवं. तो वरची हद्द म्हणून लिहिला गेला आणि वाचला गेला मुदत म्हणून. साडेतीन वर्षांच्या मुलीचे आईवडील ऐकतात, ‘पाचपर्यंत होते, वेळ आहे.’ वेळ नसतो.

इटियाडोहच्या बाजूला हे महिने कसे जातात ते मोजून पाहावं. आशा सेविका बाळंतिणीच्या घरी पहिले बेचाळीस दिवस वरचेवर येते. वजन, ताप, नाळ, दूध पाहते. न ऐकणारं बाळ या सगळ्यात धडधाकट असतं. ते हसतं, डोळ्यांनी माग घेतं, थाळी पडली की दचकतंही, कारण जमिनीचा हादरा त्याला लागतो. वर्ष-दीड वर्ष झाल्यावर शंका येते, तेव्हा बोट कानाकडे न जाता जिभेकडे जातं. ‘बाप बी उशिराच बोलला होता’ हे वाक्य तर कित्येक मुलांचं एकेक वर्ष खाऊन गेलं आहे. बाल स्वास्थ्यचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी मूल मामाच्या गावी असलं की सहा महिने पुढे. मग तपासणीसाठी अर्जुनी मोरगाव, तिथून गाडीने गोंदिया किंवा साकोलीवरून नागपूर. बेरासाठी बाळ झोपायला हवं, झोपलं नाही तर पुन्हा तारीख. त्यानंतर काही महिने श्रवणयंत्र लावून फरक पडतो का पाहायचं, मेंदूज्वराविरुद्धच्या लसी, स्कॅन, उत्पन्नाचा दाखला. यातलं वैद्यकीय काहीच फालतू नाही. श्रवणयंत्राने भागणाऱ्या मुलाचं इम्प्लांट होऊ नये, यासाठीच ती चाचणी आहे. अपवाद मेंदूज्वरातून आलेल्या बहिरेपणाचा. तिथे कॉक्लिआत हाड धरू लागतं, आणि हाड भरलं की तार आतच जात नाही. तिथे वाट पाहायचीच नसते.

शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू होतं, आणि खरं काम तेव्हा चालू होतं. घरी रोज सहा आवाज द्यायचे, आ, ई, ऊ, म, स, श, आणि मूल सगळ्यांना प्रतिसाद देतं का पाहायचं. एक चुकला तरी यंत्राच्या जुळणीला, म्हणजे मॅपिंगला न्यायचं. आठवड्याला थेरपी, तीही महिनोन्‌महिने. रोवणीच्या दिवसांत दर आठवड्याला मजुरी बुडवून नागपूरला जाणारी आई कुठून आणायची? हा प्रश्न मुलाचं वय ठरवताना कुणी विचारत नाही, आणि वेळेत झालेल्या इम्प्लांटचं बाहेरचं यंत्र कपाटात पडून राहण्याचं कारण बहुधा तोच असतो. थेरपीचे धडे पुण्या-मुंबईच्या मराठीत नकोत, हेही सांगायला हवं. मुलाने ज्यांचं ऐकायचं ते घर झाडीबोलीत बोलतं. गोठणगावजवळच्या तिबेटी वस्तीतलं घर तर तिबेटीत. ज्या भाषेत रागावलं आणि लाडावलं जातं, तीच त्याच्या कानाला पहिली मिळावी.

आकडा खाली आणायची जागा त्यामुळे नागपूरच्या शस्त्रक्रियागृहात नाही. ती बाळंतपणाच्या वॉर्डात आहे. जिथे बाळंतपणं मोठ्या संख्येनं होतात, गोंदियाच्या बाई गंगाबाई महिला रुग्णालयासारख्या ठिकाणी, तिथून कुठलंही बाळ ओएई झाल्याशिवाय घरी जाऊ नये. अतिदक्षता कक्षात राहिलेल्या, जास्त काविळीच्या किंवा कमी दिवसांच्या बाळांची बेरासुद्धा व्हावी, कारण कान परतीचा आवाज देतो पण नस तो पुढे पोचवत नाही, असंही होतं, आणि ते एकट्या ओएईत सापडत नाही. पुढची ठरलेली पायरी साधी आहे: एका महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मदत सुरू. आशाच्या भेटीच्या कागदावर एक प्रश्न वाढवता येईल. बाळाला न दिसता, जमिनीला धक्का न लावता आईने हाक मारली, तर ते थांबतं का? उत्तर ‘नाही’ आलं, तर पथकाची वाट न पाहता त्याच आठवड्यात अर्जुनीला पाठवायचं.