सुतातले पाणी

कापसाचे सूत कोरडे पडले की कडक होते आणि मागावर तुटते; ओलसर राहिले की ताण सोसते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तापमान ४५ अंशांवर जाते आणि हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली येते. अशा हवेत विणायचे, तर आधी सुतातले पाणी राखावे लागते.

तांडापेठ, पाचपावली, इतवारी या भागांतल्या कोष्टी विणकरांनी ते खड्डामागावर साधले. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसे, ताणा जमिनीलगत राही आणि मातीची ओल सुताला मिळे. उमरेडची रेशीमकाठी धोतरे याच हवेत विणली गेली. खड्डामाग हे निव्वळ अडाणी वळण नव्हते. ते हवामान ओळखून घडवलेले तंत्र होते आणि त्याला मिळायला हवे तेवढे श्रेय कधी मिळाले नाही.

पुढे नागपुरात गिरणी आली. त्यासाठी १८७४ मध्ये जमशेदजी टाटांनी कंपनी काढली. जुम्मा तलावाजवळची दलदल भरून उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस, रेल्वे आणि वरोऱ्याचा कोळसा ही नागपूरची जमेची बाजू, तर कोरडी हवा ही अडचण. चात्यांच्या वेगात कोरडा धागा टिकत नाही. म्हणून खात्यांत हवा दमट करणारी यंत्रे आली. ती बसवणाऱ्या देशातल्या पहिल्या गिरण्यांत एम्प्रेसचे नाव घेतले जाते.

कापसाच्या तंतूत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. अरुंद पोकळीत वाफेचे पाणी व्हायला हवा पूर्ण दमट असावी लागत नाही, हे लॉर्ड केल्विन यांनी १८७१ मध्ये गणिताने दाखवले. त्यांच्या सूत्रानुसार २ नॅनोमीटर त्रिज्येच्या पोकळीत सुमारे ६० टक्के आर्द्रतेलाच पाणी साठते. पुढे १९२४ मध्ये इंग्लंडात अर्कहार्ट आणि विल्यम्स यांनी कापसातला ओलावा बारकाईने मोजला. एकाच आर्द्रतेला वाळत आलेला कापूस ओला होत जाणाऱ्या कापसापेक्षा जास्त पाणी धरून ठेवतो. पोकळ्या भरण्याची आणि रिकामी होण्याची वाट एक नसते, शिवाय तंतूही फुगतो. त्यामुळे सुतात किती पाणी आहे हे आजच्या हवेइतकेच कालच्या हवेवरही ठरते.

अशा पोकळ्यांत कोंडलेल्या द्रवाचे वेगळेपण क्रांतिक बिंदूजवळ सर्वांत ठळक होते. मोकळे पाणी ३७४ अंशांना या बिंदूवर पोचते. तिथे द्रव आणि वाफ यांतला भेद मिटतो आणि घनतेतले चढउतार दूरदूरच्या रेणूंपर्यंत एकमेकांशी जुळतात. पोकळीत ही जुळणी भिंतींपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून एरवी एकदम घडणारा बदल तिथे बोथट होतो आणि क्रांतिक तापमान खाली सरकते. आकारमानाचा हा परिणाम मोजण्याची पद्धत मायकेल फिशर आणि मायकेल बार्बर यांनी १९७२ मध्ये मांडली. गिरणीतला कापूस त्या तापमानाच्या जवळपासही नसतो. पण भिंतींचे बंधन दोन्हीकडे तेच.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. ओलाव्याचा हिशेब मात्र विदर्भात रोज होतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर कापसाच्या गाडीत मापक खुपसला जातो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांवर गेला की कापूस परत. जिनिंगमध्येही फार कोरडा कापूस सरकी काढताना तुटतो आणि फार ओला यंत्रात अडकतो.