नांदूरची भिंत

इतिहास म्हटला की नाशिककराला पंचवटी आठवते, फार तर पेशवाई. मला मात्र निफाड तालुक्यातली एक भिंत आठवते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा 1911 साली उभा राहिला. पाणी अडवावे आणि दोन्ही तीरांच्या कालव्यांनी कोपरगावच्या अवर्षणी मुलखाकडे न्यावे, एवढाच त्याचा हेतू. 1916 साली वरच्या अंगाला दारणा धरण झाले, कालव्यांना भरवसा आला, उसाचे मळे डोलू लागले. हा इतिहास आपण कौतुकाने सांगतो, आणि तो खोटाही नाही.

पण नदीच्या वाटेने आणखीही कोणी जात-येत असते.

मृगाच्या सरी कोसळून पहिला गढूळ लोंढा आला की मासळी प्रवाहाच्या उलट चढू लागते. अंडी घालायला तिला वरचे उथळ, ताजे पाणी हवे असते. अशाच एका सकाळी मी बंधाऱ्याच्या पायथ्याशी उभा होतो. पांढऱ्या फेसातून चंदेरी पाठी उसळत होत्या, भिंतीवर आपटत होत्या, परत खाली पडत होत्या. दर खडकावर एक बगळा. राखी बगळे मान आखडून ध्यानस्थ, पाणकावळ्यांची बुडी मारण्याची नुसती घाई, वर घारी. बगळ्यांची विणही याच दिवसांत येते. घरट्यातली तोंडे भरायची असतात. मी मोठ्या हौसेने पाहत होतो. शेजारी जाळे झाडत असलेला म्हातारा भोई म्हणाला, “मास्तर, यात बघायचं काय? तिच्या पोटात अंडी हायेत. आम्हीबी धरतो, बगळाबी धरतो. वर जाणार कोण?”

त्या प्रश्नाने माझी हौस उतरली. घरी येऊन जुनी पुस्तके धुंडाळली, तेव्हा कळले की हा प्रश्न या बंधाऱ्याहून जुना आहे. याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला, आर्थर कॉटनने आणीकट बांधला. तो 1852 साली पुरा झाला. समुद्रातून गोदेत चढणारी हिल्सा मासळी तिथे अडली. अशा बंधाऱ्यांपायी मासळीची वाट बंद होते, तिला चढायला मार्ग ठेवा, असे फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने 1873 च्या अहवालात सरकारला बजावले होते. म्हणजे नांदूरची भिंत उठण्याआधी 38 वर्षे हे छापून झाले होते!

पुढे नदीने आपला हिशेब वेगळ्याच रीतीने मांडला. भिंतीमागे गाळ साचत गेला, पाण्यात बेटे उठली, पाणवनस्पती माजली. बांधणाऱ्यांच्या दृष्टीने ही खोट. पाखरांनी मात्र तिथे संसार थाटला. 1986 साली अभयारण्य झाले. 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र म्हणून नांदूरचे नाव जाहीर झाले. ज्या भिंतीने मासळीची वाट अडवली, तिनेच पाखरांना घर दिले. मी कोणाच्या बाजूने बोलू?

रामसरच्या त्या नोंदीत एका बोटभर मासोळीचेही नाव आहे. दारणाकाठच्या देवळालीत सापडलेली म्हणून तिला देवळालीची म्हणतात. होरा आणि मिश्रा यांनी 1938 साली तिचे वर्णन केले. आज ती नष्ट होण्याच्या काठावर आहे. हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन आलेली मंडळी रोहित कुठे दिसतील म्हणून विचारतात. तिची चौकशी करणारा मला अजून भेटलेला नाही. तो भोईही गेल्या दोन पावसाळ्यांत बंधाऱ्यावर दिसला नाही.