एका बेटावरील ग्रामगृह

कोणत्याहि लोकसमूहाला स्वतःविषयीं काय वाटतें हें जाणावयाचें असेल, तर त्यानें सर्वांच्या उपयोगासाठीं बांधलेली वास्तु पाहावी. राजवाड्यावरून राजाची महत्त्वाकांक्षा कळते, देवालयावरून भक्तांची श्रद्धा कळते. परंतु साध्या गांवकऱ्यांनीं आपल्या कारभारासाठीं उभारलेल्या घरावरून त्यांचा आत्मादर कळतो. आपल्याकडील चावडी म्हटली कीं एक ओटा, वर कौलें आणि आंत दप्तराच्या चार पेट्या, एवढेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. लहान गांवाला याहून अधिक हवें तरी कशाला, असें कोणी विचारील. हाच प्रश्न फिनलंडमधील एका बेटावर सुमारें पाऊण शतकापूर्वीं निघाला होता. त्याचें उत्तर तेथें कसें दिलें गेलें, ही हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फिनलंड हा सरोवरांचा व अरण्यांचा देश. तेथील पॅइयॅन्ने नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या उत्तर भागांत सॅयनॅत्सालो हें बेट आहे. चीड आणि भूर्ज यांची राई, चोहोंकडे पाणी, आणि लांकडाचा व प्लायवुडचा कारखाना, हेंच या बेटाचें ऐश्वर्य. वस्ती सुमारें ३,००० माणसांची. तथापि १९२४ पासून तेथें स्वतंत्र ग्रामपालिका होती. काळ मात्र मोठा कठीण. १९३९ ते १९४४ या अवधींत फिनलंडला रशियाशीं दोनदा लढावें लागलें. कारेलिया प्रांताचा मोठा भाग गमावल्यामुळें ४ लाखांहून अधिक लोक निर्वासित झाले, आणि वर ३० कोटि डॉलरची युद्धखंडणी मालाच्या रूपानें भरण्याचें ओझें राष्ट्राच्या शिरीं आलें. ही खंडणी फिटली १९५२ सालीं. त्याच वर्षीं हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनीं कांस्यपदक मिळविलें, म्हणून तें साल मराठी माणसाच्याहि स्मरणांत आहे. सॅयनॅत्सालोचें ग्रामगृह पूर्ण झालें तेंहि त्याच वर्षीं.

या गृहासाठीं १९४९ सालीं चढाओढीनें नकाशे मागविण्यांत आले व त्यांत आल्वार आल्टो या स्थपतीची योजना पसंत पडली. आल्टो यांचें बालपण जवळच्याच युवॅस्क्युलॅ शहरीं गेलें होतें. वडील भूमापनाचें काम करीत. तेव्हां जमिनीचे चढउतार वाचण्याची विद्या त्यांच्या घरींच होती. त्याच वर्षाच्या आरंभीं त्यांची पत्नी व सहकारी आयनो हिचा मृत्यु झाला होता. बांधकामावरील देखरेख एलिसा या तरुण स्थपतीनें केली. पुढें १९५२ सालीं ती त्यांची द्वितीय पत्नी झाली. योजनेवर आल्टो यांनीं नांव घातलें होतें ‘क्यूरिया’, म्हणजे प्राचीन रोमच्या वृद्धसभेचें गृह. कामगारांच्या बेटासाठीं एवढें भारदस्त नांव घ्यावें, यांतच त्यांचा हेतु स्पष्ट होतो.

गांवाची मागणी एका कामापुरती नव्हती. सभेसाठीं दालन हवें, कचेऱ्या हव्यात, ग्रंथालय हवें, दुकानें व पेढी हवी, कांहीं राहण्याच्या खोल्याहि हव्यात. अशा वेळीं बहुधा दोहोंपैकीं एक चूक घडते. एक तर सर्व कामें एका मोठ्या पेटींत कोंबलीं जातात, नाहीं तर तीं इतकीं विखुरलीं जातात कीं त्यांचें परस्परांशीं कांहीं नातें उरत नाहीं. आल्टो यांनीं मध्यें एक चौक योजिला व सर्व कामें त्याच्या चारी अंगांना बसविलीं. वाड्याच्या चौकांत वाढलेल्या आपल्या वाचकांना या योजनेंतील जिव्हाळा सांगावयास नको.

परंतु या चौकाचें खरें मर्म निराळें आहे. जागा होती झाडींतील उतारावर. पायासाठीं खणलेली माती दूर टाकून न देतां ती मध्यभागीं भरण्यांत आली, आणि त्यामुळें चौक बाहेरील रस्त्याहून एक मजला उंच झाला. खालीं रस्त्याच्या बाजूस दुकानें व व्यवहार, वर चौकाभोंवतीं कचेऱ्या व ग्रंथालय. बाजारासाठीं आलेला मनुष्य थोडा चढला कीं शांत अंगणांत येतो. चढण्याचे मार्गहि दोन: एका बाजूस दगडी पायऱ्या, दुसऱ्या बाजूस लांकडी फळ्यांनीं तोलून धरलेल्या मातीच्या पायऱ्या, ज्यांवर गवत वाढतें. जणूं अरण्यच पायऱ्या चढून सभेला येत आहे.

सभागृहाविषयीं मात्र वाद झाला. विटांचें हें उंच दालन म्हणजे उधळपट्टी नव्हे काय, अशी पंचांची शंका होती. इटलींतील सिएना शहराच्या जगप्रसिद्ध सभागृहाची उंची १६ मीटर आहे, तेव्हां आपण १७ मीटर करूं, असें उत्तर आल्टो यांनीं दिल्याचें सांगतात. दालन १७ मीटर उंच झालें खरें. विटांच्या भिंतींमधून वळत जाणारा जिना, वरच्या खिडक्यांतून त्यावर पडणारा उजेड, आणि मग एकाएकीं मंद प्रकाशाचें तें दालन, जेथें छप्पर तोलणाऱ्या लांकडी तुळया पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरल्या आहेत. दाराच्या धातूच्या मुठींना चामडें गुंडाळलेलें आहे. हिमप्रदेशांत उघडी धातु हाताला चावते. १७ मीटरांची भव्यता आणि मुठीवरील चामडें, या दोहोंचा विचार एकाच मनानें केला आहे.

पंचांची शंका अगदींच अनाठायीं होती असें आम्ही म्हणणार नाहीं. खंडणीच्या दिवसांत प्रत्येक विटेचा हिशेब होणें योग्यच होतें. शिवाय नियतीनें त्यांच्या बाजूनें एक विलक्षण पुरावा दिला. गांव वाढेल, कारभार वाढेल आणि खालच्या दुकानांत पुढेंमागें कचेऱ्या येतील, असें धरून ही योजना झाली होती. परंतु १९९३ सालीं सॅयनॅत्सालोची स्वतंत्र पालिकाच युवॅस्क्युलॅच्या नगरपालिकेंत विलीन झाली. ज्या सभेसाठीं एवढें उंच छप्पर चढविलें, ती सभाच उरली नाहीं!

मग तो खर्च वायां गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ती वास्तु केवळ कचेरी असती, तर कचेरीबरोबर तिचेंहि आयुष्य संपलें असतें. तिनें मात्र बाजार, वाचन, निवास व सभा यांना एका अंगणाभोंवतीं आणलें होतें, आणि तें अंगण त्याच जागेच्या मातीनें भरलेलें होतें. सत्ता कागदावरच्या एका ठरावानें दुसऱ्या शहरीं नेतां येते. अंगण तसें नेतां येत नाहीं. आज जगभरचे वास्तुविद्येचे अभ्यासक या लहानशा बेटावर येतात ते त्या गांवाच्या सत्तेसाठीं नव्हे, तर आपण कोणापेक्षांहि कमी नाहीं असें ३,००० माणसांना एकदां वाटलें होतें, त्याची खूण पाहण्यासाठीं. आपल्या गांवासाठीं सार्वजनिक घर बांधावयास निघणाऱ्यांनीं खर्चाच्या आंकड्यापूर्वीं आपल्या जागेची माती हातीं घेऊन पाहावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.