सासूबाईंच्या पेटीतली नोट



आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई कर्ज मागायला उभी राहिली. रक्कम मोठी नव्हती, अडीच हजार रुपये. कशाला हवेत, असं विचारलं तर तिनं पदराची गाठ सोडली आणि एक जुनी नोट सतरंजीवर ठेवली. सासूबाईंच्या लोखंडी पेटीत, लुगड्याच्या घडीत सापडलेली. नोट एक रुपयाची. तिच्यावर राजाचं डोकं असलेल्या नाण्याचं चित्र आणि साल १९४०.

तिच्या मुलानं नोटेचा फोटो मोबाइलवरून एका माणसाला पाठवला होता. तो म्हणाला, "चार लाख मिळतील. आधी नोंदणीचे अडीच हजार भरा."

आम्ही सगळ्या गप्प झालो. चार लाख कोणाला नको असतात? पण गटाचा पैसा म्हणजे आपल्या निंदणाच्या, वेचणीच्या मजुरीतून साठलेला पैसा. आम्ही ठरवलं, आधी या कागदाची माहिती काढायची, मग कर्जाचं बघायचं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

इंग्रज सरकारनं १८६१ मध्ये कायदा केला आणि नोटा छापायचा हक्क स्वतःकडे घेतला. पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचं लहानसं चित्र होतं. छपाई एकाच बाजूला, मागची बाजू कोरी. पुढे बनावट नोटा निघू लागल्या, म्हणून १८६७ पासून नोटांचा नमुना बदलला.

त्या वेळी मुंबईची नोट देशात कुठेही चालेल असं नव्हतं. देशाची मंडळं पाडलेली होती आणि नोट आपापल्या मंडळातच कायदेशीर मानली जाई. आपल्या जवळचं नागपूर आणि वऱ्हाडातलं अकोला ही त्या व्यवस्थेतली उपकेंद्रं होती. आता आपल्या भागाचा विचार करा. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये झाला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तर विलायतेपर्यंत गेलं होतं. कापसाच्या हंगामात खरेदीसाठी चांदीचे रुपये आतल्या भागात पाठवावे लागत. शेतकऱ्याला आणि मजुराला कागद नको होता, कलदार हवा होता. कलदार वाजवून बघता येतो, पुरून ठेवता येतो, वेळ पडली तर आटवून दागिना करता येतो. कागद भिजतो, वाळवी खाते. आपल्या आज्या-पणज्यांचा अविश्वास अडाणीपणाचा नव्हता, हिशेबाचा होता.

व्यापारी आणखी एक युक्ती करत. नोट मधोमध कापायची, अर्धी टपालानं पाठवायची. ती पोचल्याचं कळलं की उरलेली अर्धी पाठवायची. वाटेत एक तुकडा चोरीला गेला तरी चोराच्या हाती काही लागत नसे. म्हणून त्या काळच्या काही नोटा आज जोडलेल्या दिसतात.

हळूहळू नोटा देशभर चालू लागल्या. १९०३ मध्ये ब्रह्मदेश सोडून इतरत्र पाच रुपयांची, १९१० मध्ये दहा आणि पन्नासची, १९११ मध्ये शंभराची. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा १९१७ मध्ये एक रुपयाची आणि १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची नोट निघाली. तिच्यावर दोन रुपये आठ आणे असं लिहिलेलं असे. ती थोडीच वर्षं चालली, म्हणून आज दुर्मीळ आहे. नोटा इंग्लंडमध्ये छापून येत. १९२८ पासून आपल्या नाशिकला छापल्या जाऊ लागल्या.

आता ताईच्या नोटेकडे येऊ. १९४० मध्ये दुसरं महायुद्ध चालू होतं. लोक घाबरून नोटा देऊन चांदीचे रुपये घरात साठवू लागले. नाण्यांचा तुटवडा झाला, म्हणून सरकारनं एक रुपयाची नोट पुन्हा काढली. ती फार मोठ्या संख्येनं छापली गेली. आजही ती पुष्कळ सापडते. तिचे चार लाख कोण देईल?

जुन्या नोटा जमवणारे लोक जगभर आहेत. गोव्यात पोर्तुगीजांच्या बँकेच्या रुपयाच्या नोटा चालत, पाँडिचेरीत फ्रेंचांच्या. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला, तेव्हा इथल्याच नोटांवर वेगळी अक्षरं उमटवून तिकडे वापरल्या. जाणकार माणूस नोट हातात घेऊन बघतो. ती किती शिल्लक आहेत, कुठल्या मंडळाची, सही कोणाची, कागद किती चांगला, यावर किंमत ठरते. नुसतं जुनं असणं पुरत नाही. आणि विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही.

रिझर्व्ह बँकेनंही ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसं मागायचा अधिकार तिनं कोणाला दिलेला नाही. बँकेचं नाव सांगून कोणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर तक्रार करा.

घरात जुनी नोट असेल तर ती धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. घडी न घालता स्वच्छ कोऱ्या कागदात, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ती कोणाची, कधीची, कशाच्या मजुरीची, ते वहीत लिहून ठेवा.

आमच्या ताईनं कर्जाचा अर्ज मागे घेतला. घरी जाऊन सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या मायनं दिली होती. वेचणीच्या पैशातली पहिली नोट म्हणून तिनं ती मोडलीच नाही." आता ही नोट विकायची नाही, असं ताईनंच ठरवलं.

जाता जाता आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट. राणीच्या चित्रापासून सुरू झालेल्या नोटांवर १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीला, बसलेले गांधीजी आले आणि त्यांच्या मागे आपल्या सेवाग्रामचा आश्रम. तशी एखादी नोट तुमच्याही पेटीत असेल. शोधा, मुलांना दाखवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.