घाटात मोटारीतून जळका वास आल्यास...

मुंबई-नाशिक महामार्गावरील शहापूर तालुक्यातील कसारा घाट किंवा मुरबाडपुढील माळशेज घाट पार करताना मोटारीतून जळका वास आल्यास तो कशाचा, हे आधी ओळखावे.

चढणीवर कागद जळाल्यासारखा वास येणे हे क्लच घसरत असल्याचे लक्षण होय. चढावर गाडी क्लचवर तोलून न धरता हँडब्रेकने रोखावी.

उतारावर चाकांकडून उग्र वास आल्यास ब्रेक तापले आहेत, असे समजावे. अतिउष्णतेने ब्रेक ऑइलला उकळी फुटली, की पेडल थेट खाली जाते आणि ब्रेक लागत नाहीत. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. तापलेल्या ब्रेकवर पाणी न ओतता सुरक्षित जागी थांबून ते निवू द्यावेत.

प्लास्टिक जळाल्याचा वास आल्यास वायरिंगमध्ये बिघाड संभवतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे व सर्वांनी दूर व्हावे. बॉनेटमधून धूर येत असल्यास ते उघडू नये. हवा मिळताच आग भडकते.

वास थांबला, तरी दोष कायम असू शकतो. घाट उतरल्यावर शहापूर वा मुरबाडला गाडी मेकॅनिकला दाखवूनच पुढे जावे.